खोळंबा तासाभराचा, किंमत जिवाची: मुंबई लोकलच्या रुळांवर नेमकं चुकतंय कुठं?

मुंबई: लोकलखाली कुणीतरी आलं आणि गाड्या रखडल्या, ही बातमी मुंबईला नवी नाही. पण 6 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी क्रम उलटा झाला. आधी गाड्या थांबल्या, आणि थांबलेल्या गाड्यांतून उतरून रुळांवरून चालत निघालेल्या प्रवाशांना दुसऱ्या लोकलने उडवले. सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळ घडलेल्या या घटनेत दोघांचा मृत्यू झाल्याची नोंद त्याच रात्री झाली. काही जण जखमी झाले.

त्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रेल्वे कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले. साधारण तासभर मध्य रेल्वेच्या लोकल सुटल्याच नाहीत. आंदोलनाचे कारण होते पाच महिन्यांपूर्वीचे मुंब्र्याचे मृत्यू. म्हणजे एका अपघाताची चौकशी, त्या चौकशीवरून आंदोलन, आंदोलनामुळे खोळंबा आणि खोळंब्यातून पुन्हा मृत्यू, अशी ही साखळी. एकेक कडी सुटी काढून पाहिली तर प्रत्येकाकडे आपापले उत्तर आहे. सगळी साखळी मात्र कुणाच्याच टेबलावर नाही. खरा प्रश्न इथेच आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागातून पोटापाण्यासाठी मुंबई गाठलेली कुटुंबे आज कल्याण, डोंबिवली, दिवा, बदलापूर, वसई-विरार पट्ट्यात राहतात. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळला चालत कामावर जाणाऱ्यांची पुढची पिढी आता रोज दीड-दोन तास लोकलमध्ये काढते. त्यामुळे मुंबईत लोकल थांबली की सीमाभागातल्या घरांतही फोन खणखणू लागतात.

मुंब्र्याला काय झाले होते?

9 जून 2025, सोमवार. सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास दिवा आणि मुंब्रा स्थानकांदरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. एक मुंबईकडे येणारी, दुसरी कसाऱ्याकडे जाणारी. दोन्ही गाड्यांच्या दारांत माणसे लटकलेली. त्यातले काही जण खाली पडले. पहिल्याच दिवशी चार मृत्यू नोंदले गेले.

रेल्वेकडून सुरुवातीला मांडले गेलेले कारण असे, की दारात लटकणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या एकमेकांना घासल्या आणि तोल गेला. लोहमार्ग पोलिसांनी मात्र तांत्रिक अहवाल मागवून तपास पुढे नेला. रुळांच्या देखभालीत हलगर्जी झाली, असा आरोप ठेवून नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला. कर्मचारी संघटनांना हे मान्य नव्हते. गर्दीमुळे झालेल्या अपघाताचे खापर रुळांवर राबणाऱ्या अभियंत्यांच्या माथी मारले जातेय, असे त्यांचे म्हणणे. त्यातूनच 6 तारखेचे आंदोलन झाले.

या वादात दोन्ही बाजू पूर्ण खोट्या नाहीत. वळणावर दोन रुळांच्या उंचीत फरक ठेवावा लागतो, म्हणजे गाडी आतल्या बाजूला किंचित कलते. तो फरक किंवा शेजारच्या दोन मार्गांमधले अंतर जिथे बिघडते तिथे दोन गाड्यांमधली मोकळी जागा कमी होते. हा देखभालीचा भाग. पण दाराबाहेर माणूस लटकलेलाच नसता तर ती जागा कमी झाली काय आणि जास्त झाली काय, जीव गेला नसता. हा गर्दीचा भाग. एकाचा दोष सिद्ध झाला म्हणून दुसऱ्याचा पुसला जात नाही. गुन्ह्याचा निकाल न्यायालयात लागेल. पण दारात लटकून प्रवास का करावा लागतो, या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही एफआयआरमध्ये मिळणार नाही.

एक गाडी थांबली की शहर का थांबते?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात आणि सुमारे 75 लाख लोक प्रवास करतात. गर्दीच्या वेळी एकाच मार्गावर तीन-चार मिनिटांना एक गाडी धावते. साधा हिशेब करून पाहू. चार मिनिटांना एक गाडी धरली तर तासाला 15 गाड्या. एका गाडीत चार हजार माणसे धरली तरी एका दिशेच्या एका मार्गावर तासाभरात 60 हजार लोक अडकतात. धीमा आणि जलद असे दोन मार्ग, वर परतीची दिशा, हे जोडले की आकडा कुठे जातो ते सांगायला नको. शिवाय थांबलेल्या गाडीतली माणसे कुठे जात नाहीत, आणि मागून येणारी माणसे फलाटावर साचतच राहतात.

रुळांवर कुणी सापडले तर काय होते, हेही पाहायला हवे. लोकल काही एसटी नव्हे, ब्रेक दाबला की दहा पावलांत थांबायला. वेगातली भरलेली लोकल थांबायला काहीशे मीटर लागतात. बहुतेक वेळा मोटरमनला माणूस दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मग नियंत्रण कक्षाला कळवायचे, जवळच्या स्टेशन मास्तरांनी मेमो काढायचा, स्ट्रेचर घेऊन हमाल आणि पोलीस पोहोचायचे, जखमीला हलवायचे किंवा मृतदेह बाजूला घ्यायचा आणि मार्ग मोकळा करायचा. मुंबईत हे सगळे फार झपाट्याने उरकले जाते, कारण मागे गाड्यांची रांग लागलेली असते. अनेकदा प्रवाशांना एवढेच कळते की गाडी दहा-पंधरा मिनिटे लेट आहे. कशामुळे, ते कळतही नाही.

हे झपाट्याने उरकणे ही यंत्रणेची कार्यक्षमता आहे, यात शंका नाही. पण त्यातूनच एक सवयही लागली आहे. मृत्यू म्हणजे वेळापत्रकातला अडथळा, तो दूर झाला की विषय संपला. मोटरमनचेही तसेच. आपल्या गाडीखाली माणूस गेलेला पाहिलेल्या माणसाने पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी न्यायचीच असते.

आकडे काय सांगतात?

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीने 2012 मध्ये अहवाल दिला. देशभरात रूळ ओलांडताना वगैरे वर्षाला सुमारे 15 हजार माणसे मरतात आणि त्यातली सुमारे सहा हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, असे त्यात नमूद होते. सरकारी अहवालांची भाषा सहसा मऊ असते. या समितीने मात्र या मृत्यूंसाठी कत्तल याच अर्थाचा शब्द वापरला होता. रूळ ओलांडणारा हा घुसखोर, त्यामुळे तो रेल्वे अपघाताच्या हिशेबातच धरायचा नाही, या पद्धतीवरही समितीने बोट ठेवले होते.

त्यानंतर परिस्थिती सुधारलेली नाही असे म्हणता येणार नाही. कुंपणे झाली, पादचारी पूल वाढले, सरकते जिने आले, फलाटांची उंची वाढली. 2024 मध्ये एका जनहित याचिकेवर सुनावणी करताना मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेली आकडेवारी होती 2023 सालची: 2590 मृत्यू. म्हणजे 2012 च्या अहवालातल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. पण रोजच्या हिशेबात अजूनही सात माणसे. याच सुनावणीत न्यायालयाने प्रवाशांना जनावरांसारखे कोंबून नेले जाते, याची लाज वाटते अशा आशयाचे खडे बोल सुनावले होते.

एखाद्या विमानतळावर किंवा महामार्गाच्या एकाच पट्ट्यात रोज सात माणसे मेली असती तर काय झाले असते? तो रस्ता दुसऱ्या दिवशी बंद झाला असता. लोकल बंद करता येत नाही. तिच्यावर शहराचे पोट आहे. मृत्यूंची सवय लागते ती त्यामुळेच.

खोळंब्यात माणसे रुळांवर का उतरतात?

सँडहर्स्ट रोडच्या घटनेनंतर ‘लोकांनी रुळांवर उतरायला नको होते’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. म्हणणे चूक नाही. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण माणूस उतरतो का? गाडी दोन स्थानकांच्या मधे उभी. पंधरा मिनिटे गेली, वीस गेली. का थांबली हे कळेना, किती वेळ लागेल हे कुणी सांगेना. डब्यात श्वास घ्यायला जागा नाही. कुणाला चक्कर आलेली, कुणाला लघवीला जायचे, कुणाचे लहान मूल पाळणाघरात वाट पाहतेय. समोर पाचशे पावलांवर स्टेशनचे दिवे दिसतायत. पहिला एक जण उडी मारतो, त्याच्यामागे दहा, मग शंभर. एवढे लोक चालतायत म्हटल्यावर धोका नसेलच, असे वाटायला लागते. सगळे बंद आहे, मग गाडी येणार कुठून?

नेमकी तिथेच गफलत होते. खोळंबा संपतो तेव्हा तो सगळ्या मार्गांवर एकाच क्षणी संपत नाही. एक मार्ग आधी सुटतो. अंधारात, माणसांच्या गलक्यात, मागून येणारी विजेवरची लोकल ऐकू येत नाही. सँडहर्स्ट रोड-मशीद बंदर भागात रुळांच्या कडेला सरकून उभे राहायला जागाही फार नाही.

म्हणजे प्रवाशाची चूक होती, हे मान्य केले तरी पुढचा प्रश्न उरतोच. हजारो लोक रुळांवर उतरलेत हे उघड्या डोळ्यांनी दिसत असताना त्या पट्ट्यात गाडी कोणत्या वेगाने आणि कोणत्या सूचनेने सोडली गेली? खोळंब्यानंतर गाड्या सुरू करताना आधी मार्ग रिकामा आहे याची खात्री करायची, पहिली गाडी भोंगा वाजवत मंदगतीने न्यायची, डब्याडब्यात आणि फलाटाफलाटावर ‘गाड्या सुरू होत आहेत, रुळांवरून बाजूला व्हा’ अशी घोषणा करायची. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती शिस्त, आणि खोळंबा हाही सुरक्षेचाच प्रसंग आहे ही जाणीव.

हे काही पहिल्यांदाच घडलेले नाही. 2 जानेवारी 2015 रोजी लोकल रखडल्याने संतापलेल्या प्रवाशांनी दिवा स्थानकात रेल रोको केला, दगडफेक झाली, मोटरमन जखमी झाला. त्यावर मोटरमननी काम थांबवले आणि खोळंबा आणखी वाढला. 20 मार्च 2018 रोजी प्रशिक्षणार्थी उमेदवारांनी दादर-माटुंगा दरम्यान ऐन सकाळी तीन-साडेतीन तास गाड्या अडवल्या. प्रत्येक वेळी मागणी वेगळी, भरडला गेलेला माणूस मात्र तोच. कर्मचाऱ्यांना निषेधाचा हक्क आहे, यात वाद नाही. पण गर्दीच्या वेळी अचानक लोकल थांबवणे म्हणजे हजारो लोकांना बेफाम परिस्थितीत सोडून देणे आहे, हे आता माहीत नव्हते असे कुणी म्हणू शकत नाही.

दरवाजे बंद केले की प्रश्न मिटेल?

मुंब्र्यानंतर रेल्वेने घोषणा केली की यापुढे येणाऱ्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे असतील, आणि बिगर-वातानुकूलित गाड्यांसाठीही तशी रचना केली जाईल. दार बंद झाले की लटकणे थांबेल, हे खरे. वातानुकूलित लोकल 25 डिसेंबर 2017 पासून पश्चिम रेल्वेवर धावतेय, आणि दार बंद असल्याने तिच्यातून धावत्या गाडीत कुणी खाली पडत नाही.

पण अडचण पुढे आहे. दारात आणि दाराबाहेर उभी असलेली माणसे आत कुठे मावणार? दरवाजे बंद व्हायला प्रत्येक स्थानकात काही सेकंद जास्त लागणार. तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावणाऱ्या गाड्यांत हेच सेकंद साचून फेऱ्या कमी होऊ शकतात. आणि पंखे असलेल्या डब्याची दारे बंद केली तर हवा कुठून खेळणार, हा प्रश्न वेगळाच. म्हणून दरवाजे हा उपाय एकटा चालणार नाही. गाड्या वाढवाव्या लागतील, डबे 12 चे 15 करावे लागतील, आणि त्यासाठी मार्ग लागतील.

मार्गांची गोष्ट तर आणखी रखडलेली. ठाणे-दिवा पाचवा-सहावा मार्ग फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, तोही वर्षानुवर्षांच्या विलंबाने. कुर्ल्यापासून पुढे सीएसएमटीपर्यंत पाचवा-सहावा मार्ग अजून पूर्ण व्हायचा आहे. तो होईपर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल एकमेकांच्या वाटेत येतच राहणार. डिसेंबर 2016 मध्ये मंजूर झालेल्या 10,947 कोटींच्या एमयूटीपी-3 प्रकल्पात रूळ ओलांडणे रोखण्यासाठी स्वतंत्र तरतूद होती. 2019 मध्ये त्याच्या जोडीला तिसरा ‘अ’ टप्पा आला. दोन्ही मिळून 238 वातानुकूलित लोकल यायच्या होत्या. कागदावर पैसा आणि योजना दोन्ही आहेत. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र आज सकाळची 8 वाजून 10 मिनिटांची गाडी पकडायची असते.

दुसरा उपाय कार्यालयांच्या वेळा बदलण्याचा. मध्य रेल्वेने त्यासाठी शेकडो आस्थापनांना पत्रे धाडली. सगळे शहर साडेनऊ ते साडेदहात दक्षिणेला पोहोचायचे म्हणते, तोवर कितीही गाड्या कमी पडतील. हा उपाय सर्वात स्वस्त आहे. आणि तरीही तो होत नाही, कारण त्याची जबाबदारी रेल्वेची नाही, राज्याचीही पूर्ण नाही आणि कंपन्यांना सक्ती नाही.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

अपघात झाला की गावाकडच्या नातेवाइकांना सगळ्यात आधी काय करावे हेच सुचत नाही. कायद्यात काही गोष्टी स्पष्ट आहेत. रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ नुसार धावत्या गाडीतून अपघाताने पडून प्रवाशाचा मृत्यू झाला, तर चूक रेल्वेची आहे हे सिद्ध न करताही भरपाई मिळते. 2017 पासून ही रक्कम आठ लाख रुपये आहे. दारात उभा होता म्हणजे त्याचाच दोष, असे म्हणून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या जमीला प्रकरणात सांगितले. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असेही धरता येत नाही, हे 2018 च्या रीना देवी प्रकरणात स्पष्ट झाले.

दावा रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे करायचा असतो आणि तोही साधारण एका वर्षाच्या आत. पास, तिकिटाचा मोबाइलवरचा पुरावा, पंचनामा, स्टेशन मास्तरांचा मेमो, शवविच्छेदन अहवाल या कागदांच्या प्रती लगेच ताब्यात घ्याव्यात. दिवस गेले की तेच कागद मिळवायला हेलपाटे पडतात.

पण सँडहर्स्ट रोडसारख्या प्रसंगात हाच कायदा अडखळतो. थांबलेल्या गाडीतून उतरून रुळांवर आलेला माणूस प्रवासी की घुसखोर? त्याच्या खिशात वैध पास आहे, पण तो गाडीतून पडलेला नाही. कायद्याच्या काटेकोर शब्दांत त्याची बाजू कमकुवत पडू शकते. रेल्वेनेच निर्माण केलेल्या किंवा रेल्वेच्या आवारात निर्माण झालेल्या खोळंब्यात ज्याला उतरावे लागले, त्याला घुसखोर ठरवायचे का, हा प्रश्न संसदेत आणि न्यायालयात दोन्हीकडे विचारला जायला हवा.

बेळगावलाही धडा आहे

बेळगावात लोकल नाही, एवढी गर्दी नाही. पण रेल्वेमार्ग शहराच्या मधून जातो. टिळकवाडीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गेटचा खोळंबा कुणाला नवा नाही. मिरज-लोंढा मार्गाचे दुपदरीकरण आणि विद्युतीकरण झाल्यापासून परिस्थिती बदलली आहे. पूर्वी एका बाजूने गाडी गेली की वाट मोकळी, असा अंदाज बांधता येत होता. आता एक गाडी जाताच दुसऱ्या मार्गावरून उलट दिशेने दुसरी येऊ शकते. डिझेल इंजिनाचा धडधडाट लांबून ऐकू यायचा, विजेवरची गाडी जवळ आली तरी कळत नाही. कानात हेडफोन घालून रुळाकाठाने फिरायला जाणाऱ्यांनी, गेट पडल्यावर दुचाकी वाकवून खालून काढणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

प्रशासनाकडेही मागणी करण्यासारखे पुष्कळ आहे. जिथे लोक रोज रूळ ओलांडतात त्या जागा सगळ्यांना ठाऊक असतात. तिथे फलक लावून भागत नाही. पायी जाणाऱ्याला सोयीचा भुयारी मार्ग किंवा पूल द्यावा लागतो. उड्डाणपूल बांधताना गाड्यांचा विचार होतो, पायी चालणाऱ्या म्हातारीचा होत नाही. मग ती अर्धा किलोमीटर वळसा न घालता रुळांवरूनच जाते.

मुंबईने हेच करायला उशीर केला. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला, आणि मग लष्कर बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा राहिला. म्हणजे पूल बांधता येत होता. वेळही थोडा लागत होता. 23 माणसे जाईपर्यंत तो कुणाला तातडीचा वाटला नाही, इतकेच.

मुंब्रा आणि सँडहर्स्ट रोडच्या चौकश्या आपापल्या वाटेने चालतील. अभियंत्यांवरच्या गुन्ह्याचे काय होते, आंदोलनाची जबाबदारी कुणावर ठरते, हे पाहण्यासारखे आहेच. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते पुढचा खोळंबा. तो कधीतरी होणारच: पावसाने, बिघाडाने, संपाने किंवा रुळांवरच्या एखाद्या मृत्यूने. त्या वेळी अंधारात उभ्या असलेल्या डब्यात पाच मिनिटांत घोषणा होते का, आणि गाड्या सुरू करण्याआधी रूळ रिकामे केले जातात का, एवढ्या दोन गोष्टींवरून कळेल की 2025 च्या मृत्यूंमधून कुणी काही शिकले की नाही.